अकरा दिवसांचा बर्फ

“एजे, तुमच्या प्रबंधात एखादा आकडा तुम्ही मनाने घातला होता का?”

प्रश्न माझा नव्हताच. तो चोल्पोनने रचला, दारिकाने वहीच्या मागच्या पानावर लिहून माझ्याकडे सरकवला, आणि खाली अट घातली: विचारलास तर तीन सामसे, मांसाचे, बटाट्याचे नाही. मी उभी राहिले. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीत नाव आलं तरी माझे कान तापायचे. या सप्टेंबरपासून काय झालंय कोण जाणे, उभं राहिलं की मी आहे त्याहून उंच वाटते आणि आवाज आपोआप सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. तर गेला. समोर पॉलिटेक्निकच्या तुर्सुनाय एजे, म्हणजे ताई, होत्या, अकरावीच्या मुलांना अभियांत्रिकीत पुढे डॉक्टरेटपर्यंत कसं जायचं ते सांगायला आलेल्या. अर्धा तास बोटांवर मोजत होत्या. आधी पदवी, मग प्रवेशाची परीक्षा, त्यात आपला विषय, तत्त्वज्ञान आणि एक परकी भाषा. मग मार्गदर्शक, “तो मरणार नाही आणि कझानला निघून जाणार नाही असा बघून घ्या, माझे दोन्ही प्रकार झाले”. मग छापून आलेले लेख, त्यातला एक तरी परदेशात. मग ते यंत्र, जे चोरलेली वाक्यं पकडतं आणि न चोरलेलीही पकडतं. मग प्रबंध तपासणारे दोन विरोधक, “नावाचे विरोधक, प्रबंधाच्या बचावाच्या दिवशी प्लोवचं, म्हणजे पुलावाचं, पहिलं ताट त्यांनाच”. मग परिषदेचं गुप्त मतदान. आणि या सगळ्याआधी वापराचा दाखला, म्हणजे तुमचं संशोधन कुणीतरी, कुठेतरी, खरोखर वापरतंय असा सही-शिक्क्याचा कागद. मी अर्ध्या कानाने ऐकत होते. ही यादी आमच्या घरात फ्रिजच्या दारावर चिकटवलेली आहे. नऊ वर्षं. आकेंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकेक ओळ खोडत आणली आहे, आणि आता खोडायची एकच राहिली होती: जाहीर बचाव, अठ्ठावीस नोव्हेंबर.

माझा प्रश्न ऐकून सभागृह हसलं. वर्गशिक्षिकेने माझ्याकडे असं पाहिलं की सामशांची चव तिथेच गेली. तुर्सुनाय एजेही हसल्या. म्हणाल्या, “हो की नाही ते सांगायला मला वकील लागेल गं.” पुन्हा हशा. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हसू ओसरल्यावर म्हणाल्या, “पण एक सांगते. मनाने घातलेला आकडा ओळखू येतो. तो फार शहाण्यासारखा वागतो. शेजारच्या आकड्यांशी त्याचं कधी भांडण नसतं. खरे आकडे भांडखोर असतात. आज वर, उद्या खाली, परवा तिथेच बसलेले. म्हणून रांग फार गुणी दिसली की मला भीती वाटते.” मी “धन्यवाद” म्हणून बसले. बसताना एक डोळा आपोआप मिटला. का मिटला ते मला कळलं नाही, आणि मिटलेल्या डोळ्याशेजारच्या उघड्या डोळ्यापुढे सभागृह नव्हतं. एक गोल होता. पांढरा, कडा काळी. त्यात काहीच नव्हतं. आणि मागून कुणीतरी अगदी साध्या आवाजात विचारलं, किती, बेगिमाय?

“काय गं, भूत दिसलं का?” चोल्पोन म्हणाली.

“सामसे कुठायत ते सांग.”

सामसे आले, तिन्ही मांसाचे. मी अर्धा खाल्ला. बाकीचे दारिकाने संपवले आणि वर म्हणाली, “हिला मोठेपण पचत नाही.” मला हसू आलं नाही, आणि हे मलाच विचित्र वाटलं, कारण या शरदात मला सगळ्याचं हसू येत होतं.

ट्रॉलीबसमध्ये खिडकीवर कुणीतरी श्वासाने गोल पुसून ठेवला होता. मी तिथे डोळा लावला नाही. लावला असता तर आक-तोर दिसलं असतं हे मला ठाऊक होतं, आणि सात वर्षांत मी आक-तोरकडे एकदाही नीट वळून पाहिलं नव्हतं हेही तेव्हाच ठाऊक झालं. नऊ वर्षांची होते. आपा, म्हणजे आई, त्या वर्षी मॉस्कोत एका उपाहारगृहात भांडी घासायला गेली होती, आके इथे शहरात शिकवायचे, आणि मी तायाताकडे, आपाच्या वडिलांकडे, आक-तोर खिंडीतल्या रस्ता-चौकीवर. खालच्या गावात शाळा, वर चौकीत आम्ही दोघं, एक लोखंडी शेगडी आणि खिडकीत तिपाईवर बसवलेली दुर्बीण. दुर्बिणीत समोरचा ढाळ. ढाळावर आकेंनी रोवलेली साडेतीन मीटरची बर्फकाठी, काळे-पिवळे पट्टे, पट्टा दहा सेंटीमीटरचा, मधलं अंदाजाने. रोज सकाळी आठ वाजता ती वाचायची आणि बर्फ किती मीटर ते वहीत लिहायचं. हे काम तायाताचं होतं, पण त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि ही गोष्ट चौकीबाहेर गेली असती तर चौकीही गेली असती. म्हणून मी वाचायची, तो लिहायचा, मोठ्या, वाकड्या आकड्यांत. किती, बेगिमाय? एक चौऱ्याहत्तर, तायाता. किती? एक चौऱ्याहत्तर, कालचाच. आमचं सकाळचं बोलणं एवढंच. मग चहा, मग कालचा पाव गरम करून, मग शाळा.

जानेवारीत एकदा धुकं होतं. मी म्हटलं, दिसत नाही. त्याने नमद्याचे बूट चढवले, काठी घेतली आणि निघाला, ढाळाच्या पायथ्यापर्यंत, जवळून बघायला. कारण जावयाने सांगितलं होतं, एकही दिवस रिकामा नको, रिकाम्या दिवसाला परिषद हरकत घेते. दोन तासांनी आला तेव्हा त्याचे ओठ तुतीच्या रंगाचे होते. दोन दिवस पडून राहिला, छातीवर हात ठेवून, जणू तिथे कुणी झोपलंय आणि त्याला जागं करायचं नाही. रस्ता बंद होता. मी शेगडीत कोळसा घातला, दुधात पाणी घातलं आणि दोन दिवस त्याच्या हाताकडे बघत बसले. हात वर-खाली होतोय ना एवढंच. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं? तो बरा झाला. पुढे दोन वर्षांनी गेला, उन्हाळ्यात, जर्दाळूच्या झाडाखाली, सगळ्यांच्या देखत.

घरी कुणी नव्हतं. प्रबंध आकेंच्या टेबलावर, निळ्या कापडात बांधलेला, विटेएवढा. मी तो नेहमी बघते, पण कपाट बघावं तसा. त्या दिवशी उघडला. तक्ता सातवा, आक-तोर, फेब्रुवारी. एक चौऱ्याहत्तर. एक चौऱ्याहत्तर. दोन शून्य दोन. एक पंच्याण्णव. आठ तारखेला दोन एकतीस. भांडखोर मुलांची रांग. आणि मग नऊ तारखेपासून दोन तेहतीस, दोन छत्तीस, दोन अडतीस, दोन एक्केचाळीस, दोन चव्वेचाळीस, अशी जिना चढल्यासारखी, हात धरून, अकरा ओळी, एकोणिसाव्या तारखेच्या दोन त्रेसष्टपर्यंत. मला तिथे बसल्या जागी माझाच आवाज ऐकू आला, बारीक, नऊ वर्षांचा, अगदी खात्रीचा. आठ तारखेच्या रात्री वादळ झालं होतं. छपराचा पत्रा रात्रभर रडत होता. सकाळी उघडीप झाली, लख्ख, आणि मी डोळा लावला तर गोलात काठी नव्हती. नुसता गुळगुळीत पांढरा ढाळ, आणि खाली, अगदी खाली, करड्या ढेकळांचा ढीग, कुणी दह्याचं भांडं पालथं केल्यासारखा. किती, बेगिमाय? त्याचे बूट दाराशीच होते. मी म्हटलं, दोन तेहतीस.

दुसऱ्या दिवशी ढिगावर नवा बर्फ पडला होता आणि ढीग नव्हता. मग खोटं बोलायला काही लागलंच नाही. तीनने वाढवायचं, कधी दोनने, कधी चारने. आपण मोठे झाल्यावर लबाड होऊ अशी भीतीसुद्धा वाटली नाही. उलट रोज सकाळी आठ वाजता मला वाटायचं की मी तायाताला त्या शेगडीजवळ आकड्याने बांधून ठेवलंय. वीस तारखेला रस्ता मोकळा झाला, आके आले, वर गेले, काठी आडवी पडलेली मिळाली. वाऱ्याने पडली, आजच पडली असणार, असं लिहिलं. मी गप्प. मला त्यांनी चॉकलेट आणलं होतं.

आणि प्रबंध काय म्हणतो? मी सगळं वाचलं, दोन तास, कळलं तेवढं. इतर हिवाळ्यांत बर्फ एक नव्वदच्या वर गेलाच नाही, म्हणून सगळी भिस्त त्याच एका फेब्रुवारीवर. त्या फेब्रुवारीत ढाळ दोन त्रेसष्टपर्यंत भरला, अकरा दिवस शांत राहिला, सुटला नाही, म्हणजे त्यावरचा बर्फ घसरून खाली आला नाही. म्हणून या जातीच्या ढाळाखाली दोन साठपर्यंत रस्ता चालू ठेवायला हरकत नाही. एका विरोधकाने आपल्या अभिप्रायात खास लिहिलं होतं की निरीक्षणांची अखंड, शिस्तबद्ध मालिका हे या कामाचं बळ आहे. शिस्तबद्ध. अगदी शेवटच्या पानावर वापराचा दाखला होता. रस्ते-कार्यालयाने कळवलं होतं की आक-तोर चौकीवर यंदाच्या ऑक्टोबरपासून कुबात यांचा, म्हणजे आकेंचाच, नियम लागू केला असून फळ्यावर दोन साठ ही मर्यादा लिहिली आहे. शिक्का जांभळा. आके तो कागद मिळवायला चार वेळा गेले होते. पाचव्यांदा मिळाला तेव्हा आपाने बोर्सोक, पिठाचे छोटे गोळे, तळून सबंध जिन्याला वाटले. मीच ताट घेऊन दारोदार फिरले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला मिठीत घेऊन म्हटलं होतं, तुझ्या बापाचा आकडा आता रस्ता राखणार.

तो बापाचा नव्हता. आणि आठ तारखेच्या रात्री ढाळ सुटला होता. दोन एकतीसला, फार तर त्याच्या जरा वर. फळ्यावर दोन साठ.

पुढचे चार दिवस मी बोलत होते, हसत होते, भूमितीत पाचपैकी पाच गुण आणले, चोल्पोनच्या केसांना निळा रंग लावून दिला. पण एक डोळा मिटायची भीती बसली. केस डोळ्यावर आले तरी गोल, सुईत दोरा ओवायला गेलं तरी गोल, आणि गोलात काही नाही. पाणी उकळायला लागलं की किटली आधी थोडी घुमते, त्या घुमण्यात तायाता विचारायचा. रागाने नाही. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो तसाच विचारायचा, पेन्सिल ओली करून, वहीवर वाकून, माझ्यावर सगळा विश्वास टाकून. शाळेच्या फाटकाशी उभे असलेले, खिंड ओलांडून ओशकडे जाणारे ट्रक दिसले की मी त्यांच्या चाकांकडे बघायची, मग चालकांकडे. एक जण सूर्यफुलाच्या बिया फोडत होता आणि टरफलं खिडकीतून उडवत होता. त्याला माझ्या दोन तेहतीसबद्दल काही माहीत नव्हतं. मला वाटायचं, आकेंना सांगायचं म्हणजे काय, एक वाक्य. मग फ्रिजपाशी जायची आणि ती यादी दिसायची, खोडलेल्या ओळी, एक निळ्या शाईने, एक पेन्सिलने, तत्त्वज्ञान दोनदा खोडलेलं कारण आके पहिल्यांदा नापास झाले होते. या परिषदेची मुदत एकतीस डिसेंबरला संपते. नवी कधी नेमतील ते मंत्रालयालाही माहीत नाही. आकेंचं वय एकोणपन्नास. परीक्षा जुन्या झाल्या की पुन्हा द्याव्या लागतात. हे सगळं मला पाठ होतं, दुसऱ्या मुलींना गाणी पाठ असतात तसं. शुक्रवारी बातम्यांत म्हणाले, खिंडींमध्ये बर्फ सुरू.

रविवारी दुपारी आकेंनी सराव मांडला. वीस मिनिटांचं भाषण, मिनिटभरही जास्त नको. आपा घड्याळ घेऊन बसली, मी चित्रं पुढे सरकवायला लॅपटॉपपाशी. आकेंनी नवा सदरा घातला होता, खाली घरातला पायजमा.

“आदरणीय अध्यक्ष, आदरणीय परिषद सदस्य,” ते कपाटाला म्हणाले.

“कपाटाला नाही, मला सांगा,” आपा म्हणाली. “कपाट काही प्लोव खाणार नाही.”

“तू मतही देणार नाहीस.”

“नऊ वर्षं देतेच आहे. पुढे व्हा.”

ते छान बोलतात, हे मी विसरले होते. हात खिशात, आवाज खाली, बर्फाबद्दल ते घरच्या एखाद्या हट्टी माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. अकराव्या मिनिटाला चौदावं चित्र आलं. आलेख. डावीकडे दातेरी, खालीवर, आणि मग ती चढण, सरळ, सुंदर. “येथे आपल्याला दिसेल,” आके म्हणाले, “की दोन मीटर त्रेसष्टपर्यंत...”

“ते मी सांगितलेलं आहे,” मी म्हटलं.

“थांब गं, घड्याळ चालू आहे,” आपा म्हणाली.

“आके, नऊ ते एकोणीस. काठी नव्हती. मी मनाने सांगत होते. तायाता बाहेर गेला असता.”

घड्याळाचा काटा फिरत राहिला. आपाने ते पालथं ठेवलं. आके लॅपटॉपपाशी आले, माझ्या खुर्चीच्या मागे उभे राहिले, आणि त्यांनी जे विचारलं त्याची मी चार दिवसांत एकदाही कल्पना केली नव्हती. ते म्हणाले, “आठचा खरा?”

“खरा. दोन एकतीस.”

“नऊला काय दिसलं? नीट आठव.”

“ढाळ मोकळा. खाली ढीग, करडा, ढेकळांचा. दुसऱ्या दिवशी झाकला गेला.”

त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं, जिथे चढण सुरू होत होती तिथे, आणि ते बोट बराच वेळ तिथेच होतं. “म्हणून काठी खालच्या बाजूला पडली होती,” ते हळूच म्हणाले. “वारा तर वरच्या अंगाला वाहत होता. मला तेव्हा...” त्यांच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी उजळलं, गणित सुटल्यावर उजळतं तसं, आणि लगेच विझलं. मला ते विझणं बघवलं नाही, पण मी दोन्ही डोळे उघडे ठेवले.

“कुणाकुणाला सांगितलंस?” आपाने विचारलं.

“कुणालाच नाही.”

“मग अजून नऊ दिवस कुणालाच सांगू नकोस.” तिचा आवाज चढला नाही, ती टेबलावरचे कागद सारखे करत होती, सारखे असलेले पुन्हा सारखे. “मतदान होऊ दे. मग हे पत्र लिहितील, मर्यादा खाली आणतील, दुरुस्ती काय लोक करत नाहीत? मी तिथे दुसऱ्यांची उष्टी ताटं घासली ती यांची फी भरायला. तू लहान होतीस, बेगिमाय. लहान मुलाच्या खोट्याला पाप लागत नाही. माझ्या बापाला वाचवायला बोललीस. मी तुला काही म्हणतेय का? फक्त नऊ दिवस.”

“वर बर्फ सुरू झालाय.”

“नऊ दिवसांत दोन एकतीस होत नाही,” आपा म्हणाली. “सांगा हो तिला. तुम्हीच सांगा. होतं का?”

आके खिडकीशी गेले. बाहेर वीजघराच्या धुराड्याचा धूर वर न जाता आडवाच पसरला होता. “सहसा होत नाही,” ते म्हणाले. मग, काचेलाच, “पण त्या वर्षी सहा दिवसांत अर्ध्या मीटरहून जास्त चढला होता.” आणि ते वळले नाहीत. त्यांच्या पाठीवर सदऱ्याच्या घडीची रेघ होती, दुकानातली, अजून न मोडलेली. मला कळलं की ते माझी वाट बघताहेत, आणि आपाही, आणि दोघांना माझ्याकडून वेगवेगळं हवंय. आणि हेही की तो आकडा देताना मी कुणाला विचारलं नव्हतं, तर तो परत घ्यायलाही कुणाच्या पाठीमागे लपता येणार नाही. किटली स्वयंपाकघरात घुमायला लागली होती. मी ऐकलं. आत नुसतं पाणी होतं.

“मी ठरवलंय,” मी म्हटलं. आवाज खोलीच्या मानाने जरा मोठाच निघाला. “उद्या शाळेत जाणार नाही. सव्वासातच्या मार्श्रुत्का-बसने आक-तोरला जाणार. चौकीवर जो कोणी असेल त्याला सांगणार की त्या हिवाळ्यात दुर्बिणीतून वाचणारी मी होते, तायाता नाही, ढाळ दोन एकतीसच्या आसपासच सुटला होता, आणि फळ्यावरचं दोन साठ माझ्यासमोर पुसा. तो पुसेपर्यंत मी तिथून हलणार नाही. आके, परिषदेला काय सांगायचं आणि कधी, ते तुम्ही ठरवा, त्यात मी पडणार नाही, प्रबंध तुमचा आहे. पण फळा उद्याच. आपा, ओरडायचं असेल तर आत्ता ओरड, सकाळी मला लवकर निघायचंय.”